उघड्या पाठीच्या खुर्च्या

त्या नाट्यगृहात खुर्च्या अकराशे चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि त्यातली एकूण एक खुर्ची जिच्या हाताखालून गेलेली, तिला सगळे खुर्चीमावशी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचून कोणी हाक मारली असती तर तिनं स्वतःच वळून बघितलं नसतं. गाद्या शिवायच्या, स्प्रिंगा बदलायच्या, फाटलेली मखमल सांधायची, हे तिचं काम. तळमजल्यावर सातव्या ओळीतल्या बाराव्या खुर्चीवर बसणारा माणूस, मग तो कोण का असेना, दुसऱ्या अंकात पाय पसरतोच, असं तिचं ठाम मत होतं. आणि ते खोटं ठरवायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही.

हे नाट्यगृह म्हणजे काही साधीसुधी वास्तू नव्हे. पंच्याण्णव वर्षांपूर्वी एका दोरखंडाच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं, तेही हट्टाला पेटून. त्याची मुलगी गायची. सुरेख गायची, पण आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेपलीकडे पोचेना. संगीत नाटकं करणाऱ्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. बापाला ते झोंबलं. पोरीचा आवाज मोठा होत नसेल तर त्याला साजेसं घर बांधू, म्हणाला. छत कुठे उतरावं, भिंत कुठे वळावी, यावरून त्यानं तीन वर्षं गवंड्यांच्या आणि सुतारांच्या नाकी नऊ आणले. एक भिंत तर पुरी झाल्यावर दोनदा पाडली. लोकांनी खुशाल ठरवून टाकलं की याचं डोकं फिरलंय. मग एका सकाळी मुलगी रंगमंचावर उभी राहिली आणि बाप सगळ्यात वरच्या बाल्कनीत, शेवटच्या रांगेत जाऊन बसला. ती घरी गायची तेवढ्याच आवाजात गायली. शब्दन् शब्द वर आला. बापाला बोलवेना, म्हणून त्यानं खिशातला पांढरा रुमाल काढून वर धरला.

तेव्हापासूनची रीत आहे. नवं नाटक लागायच्या आधी मुख्य गाणाऱ्यानं रिकाम्या घरात आपली सगळ्यात हळू ओळ गायची, शेवटच्या रांगेत एकानं बसायचं, आणि शब्द स्वच्छ ऐकू आला तरच पांढरं कापड वर करायचं. कापड वर झालं तर प्रयोग, नाही तर नाही. माईक म्हणून त्या घरात कधी आला नाही. व्यापारी गेल्यावर या कामाला कोण, असा प्रश्न पडला, आणि ते खुर्च्या शिवणारीकडे आलं. कारण सोपं होतं. ती सदान्‌कदा तिथंच कुठेतरी खुर्च्यांमध्ये बसलेली असायची.

मध्ये युद्धाची वर्षं आली. नाट्यगृहात धान्याची पोती रचली, आणि खुर्च्या सरपणाला काढायचा हुकूम निघाला. तेव्हा खुर्च्या शिवायची ती मावशीच्या सासूची सासू. ती बाई रस्त्यावरच्या घराघरांत फिरली. दोन तुझ्याकडे ठेव, चार तुझ्याकडे, तुझं घर मोठं आहे तर तू दहा घे. सहा वर्षं लोक त्या खुर्च्यांवर बसून जेवले, मुलांनी त्यावर धडे गिरवले. युद्ध संपल्याचं कळलं तसे लोक खुर्च्या डोक्यावर घेऊन रस्त्यानं रांगेत परत आले. अकरा तेवढ्या हरवल्या, बाकीच्या सगळ्या घरी आल्या. सासूबाई ही हकिकत सांगायला लागल्या की मावशीच्या अंगावर काटा यायचा. आणि सासूबाई काही हळव्या बाई नव्हेत. नवरा वारला त्या दिवशीही त्यांनी आधी दूध उतू जाऊ दिलं नाही, मग रडल्या.

मावशी लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी तिला बाल्कनीत नेलं आणि शेजारी बसवलं. खाली रंगमंचावर एक गायिका उभी होती, वरून बोटाएवढी दिसणारी. आज जिला सगळं शहर नुसतं 'बाई' म्हणतं, तीच. बाई गायला लागल्या आणि मावशीला वाटलं, मागच्या रांगेत कोणीतरी येऊन आपल्या कानाशी गातंय. तिनं चक्क मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. सासूबाईंनी कापड वर केलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाल्या, "तोंड मिट, माशी जाईल." पण तिचं तोंड काही मिटेना. दोन दिवस ती घरात भारावल्यासारखी फिरत होती आणि भाजीत मीठ दोनदा घालत होती. नवऱ्याला वाटलं, हिला माहेरची आठवण येतेय.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, कानही गेले, आणि सुई, दाभण, पक्कड आणि पांढरं कापड, सगळं मावशीकडे आलं.

आता मुद्द्याचं सांगतो. छत गळायला लागलं म्हणून नाट्यगृह दोन वर्षं बंद ठेवलं. नवं छत, नव्या तारा, रंगमंचाच्या नव्या फळ्या. मावशीला सांगितलं, सगळ्या खुर्च्या नव्यानं करा. चार बायका हाताखाली मिळाल्या आणि तिला हुरूप आला. तिच्या मनात एक गोष्ट फार दिवसांपासून होती. या खुर्च्यांची पाठ, म्हणजे मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे येते ती बाजू, नुसत्या उघड्या लाकडाची. पॉलिश केलेली, गुळगुळीत, पण टणक. मागच्याचे गुडघे आपटायचे, म्हाताऱ्या माणसांना लागायचं. मावशी प्रत्येक प्रयोगाला ते बघायची आणि चुकचुकायची. या खेपेला तिनं ठरवलं, लोकांना सुख देऊ. प्रत्येक पाठीवर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर घातला, त्यावर मखमल ताणून बारीक खिळे ठोकले. अकराशे चाळीस पाठी. सात महिने लागले. बोटं सुजली, पण काम असं देखणं झालं की व्यवस्थापक साहेब हात फिरवत म्हणाले, "मावशी, खुर्च्या कसल्या, सिंहासनं केलीत की!" मावशी हरखून गेली. माणूस आहे, हरखणारच.

उद्घाटनाला दहा दिवस होते. बाई बहात्तर वर्षांच्या, आणि रंगमंचावरचं हे त्यांचं शेवटचं गाणं, हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी अकराला त्या उभ्या राहिल्या. मावशी शेवटच्या रांगेत. बाई गायल्या, आणि मावशीला ऐकू आलं ते असं, की कोणीतरी डोक्यावरून गोधडी घेऊन गातंय. चाल कळत होती, शब्द नाही.

दुसरी कोणी असती तर तिला नव्या छताचा संशय आला असता. पण हिच्या मनात आलं ते वेगळंच. मावशी एकोणसाठची. सासूबाईंचे कान साठीलाच गेले होते. झालं, आपलेही गेले, असं तिनं धरलं. हे कोणाला कळलं तर उद्यापासून ही जागा दुसऱ्या कोणाची. बाईंचं शेवटचं गाणं, आणि कापड दुसऱ्याच्या हातात. आणि मग तिनं जे केलं ते सांगताना माझीही जीभ अडखळते. तिनं कापड वर केलं.

बाईंनी वर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग व्यवस्थापकांना म्हणाल्या, "कापड वर आहे खरं, पण घर बोलत नाहीये. चाळीस वर्षं मी इथं गाते. मी एक सूर टाकला की घर तो मला परत देतं. आज सगळं गिळून बसलंय."

खळबळ उडाली. तज्ज्ञ आले. यंत्रं लावली, टाळ्या वाजवल्या, कागदावर डोंगरदऱ्या काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी 'कुठेतरी आवाज शोषला जातोय' एवढं सांगून निघून गेले. अरे बाबांनो, ते बाईंनी फुकटात सांगितलं होतं. मग, असं झालं की नेहमी होतं तसं, दोष टाकायला एक मान शोधायची ठरली. रंगमंचाच्या फळ्या सुतारदादांनी नव्यानं घातल्या होत्या, तेव्हा फळ्यांतच खोट असणार. परवापासून फळ्या उपसायच्या असं ठरलं. व्यवस्थापक म्हणाले, त्यानंही नाही जमलं तर एक छोटासा माईक लावू, पानाफुलांत लपवू, कोणाला कळणार नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "माईकच लावायचा तर मी घरी बसून गाते. तिथं माझी मांजर ऐकते, तिला माईक लागत नाही." म्हणजे प्रयोगच रद्द व्हायची वेळ आली.

सुतारदादा रंगमंचाच्या कडेला डबा पुढ्यात घेऊन बसले होते. डबा उघडला नव्हता. पस्तीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी बोट लावलं नव्हतं. मावशी त्यांच्या समोरून गेली आणि मूग गिळून पुढे निघाली. तिला वाटत होतं, बाईंना एक वाटतंय, मला कानांमुळे कळत नाहीये, मी काय बोलणार?

पण तिच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कानात बघितलं, यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या, आणि म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. माझ्याहून चांगले."

मावशी जिना उतरताना हसत होती. तीन पायऱ्या हसत उतरली, आणि चौथीवर थबकली. कान चांगले असतील तर शब्द पोचला नव्हता हे खरं. म्हणजे आपण खोटं कापड धरलं. पंच्याण्णव वर्षांत तिथं बसून कोणी खोटं कापड धरलं नव्हतं. ती तिथंच कठडा धरून बसली. खालून वर येणाऱ्या एका पेशंटनं विचारलं, चक्कर आली का? ती म्हणाली, हो.

घरी सासूबाई खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. मावशीनं त्यांच्या कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं, अगदी खोट्या कापडासकट. सासूबाईंनी हातातली शेंग सोलली, नवी उचलली. मग विचारलं, "खुर्च्यांचं काय काय केलंस?"

"गाद्या बदलल्या. हातांना पॉलिश केलं. पाठी मढवल्या."

सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "पाठी मढवल्यास?"

"लोकांचे गुडघे आपटतात हो."

"पाठीला हात लावायचा नसतो. पाठ उघडी ठेवायची."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या सासूनं."

"का म्हणून?"

"त्या काळी सासूला 'का' विचारायची सोय होती का?"

"आणि मला का नाही सांगितलंत? एकतीस वर्षं झाली!"

सासूबाई म्हणाल्या, "पाठ मढवायचं खूळ तुझ्या डोक्यात येईल हे मला काय ठाऊक? मी जन्मात कोणाला खुर्चीला पाठीमागून स्वेटर घालताना बघितलं नाही."

मावशी तशीच उठली, पक्कड घेतली आणि नाट्यगृहात गेली. दुपारची वेळ होती, आत कोणी नव्हतं. चौदाव्या ओळीतल्या सगळ्या खुर्च्यांच्या पाठी तिनं सोलल्या. स्वतःच ठोकलेला एक एक खिळा स्वतःच उपसला. मग मढवलेल्या ओळीमागे उभी राहून एक टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथे विझली. सोललेल्या ओळीमागे गेली आणि पुन्हा वाजवली. लाकडानं ती टाळी उचलली आणि पुढे टाकली. फरक एवढासाच होता, तिच्यासारखीलाच कळावा असा. पण अशा अकराशे चाळीस होत्या. इतकी वर्षं ती समजत होती की घर गातं ते छतामुळे, भिंतींमुळे, त्या हट्टी व्यापाऱ्यामुळे. आपण आपल्या गाद्या शिवणाऱ्या. आणि इथं तिच्या रोजच्या फडक्यानं पुसलेली ती साधी लाकडं बाईंचा सूर एकमेकांच्या हातात देत वर पोचवत होती. ती त्या खुर्चीवर हात ठेवून उभी राहिली. तिला खुर्चीची माफी मागावीशी वाटली, आणि तिनं ती मागितलीही.

व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं. "मावशी, तुमच्यावर कोणाचा संशयसुद्धा नाही. उद्या फळ्या निघतायत. सहा दिवस उरलेत. तुम्ही म्हणता ते खरं नसलं तर? सिंहासनं गेली, आवाजही गेला, आणि मी गेलो बाराच्या भावात. शांत राहा."

"दादा तिकडे उपाशी बसलेत," मावशी म्हणाली, आणि लावलेलं दार उघडून थेट रंगमंचावर गेली.

तिथं सगळे होते. वादक, बाई, सुतारदादा. मावशीला पाल्हाळ लावायची सवय, पण त्या दिवशी तिनं चार वाक्यांत उरकलं. फळ्यांचा दोष नाही. खुर्च्यांच्या पाठी मी मढवल्या, आवाज त्यांनी गिळला. आणि त्या दिवशी मला शब्द ऐकू आला नव्हता, तरी मी कापड वर केलं. माझे कान गेले असं वाटलं म्हणून.

बाई तिच्याकडे बघत होत्या. मावशीला वाटलं, आता ही बाई जे बोलेल ते आपण मरेपर्यंत ऐकत राहू.

बाईंनी विचारलं, "किती खुर्च्या?"

"अकराशे चाळीस. एक ओळ झालीये."

"जास्तीची पक्कड आहे का?"

आणि खरंच, बाई खाली उतरल्या, पहिल्या रांगेमागे जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि खिळे उपसायला लागल्या. मग कोण उभं राहणार? तबलजी आले, तिकीटवाले आले, बासरीवाला आधी बोटांची काळजी करत होता, त्याला नमदा ओढायचं काम दिलं. व्यवस्थापक साहेब अर्धा दिवस डोक्याला हात लावून बसले आणि मग बाह्या सरसावून आले. त्यांच्या हाताला फोड आले तेव्हा मावशीला, खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटलं. सासूबाईंनाही खुर्चीत घालून आणलं. त्या उपसलेले खिळे डब्यात टाकत बसल्या आणि प्रत्येकाला, तो ऐको न ऐको, "स्वेटर घातला हो हिनं" म्हणून सांगत राहिल्या. चेष्टा व्हायची ती झाली. मावशीनं मान खाली घालून सोसली.

सुतारदादा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन शेजारी बसले आणि जिथे खिळ्यांनी लाकूड उचकटलं होतं तिथे घासून पॉलिश लावायला लागले.

"माझ्या फळ्यांना बोल लावला लोकांनी," ते म्हणाले.

"मी नाही लावला."

"पण गप्प बसलीस."

"बसले," मावशी म्हणाली. दादांनी डबा उघडला आणि अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची पाठ उघडी झाली. अकरा वाजता बाई रंगमंचावर गेल्या. बाकी सगळे खाली भिंतीला टेकून उभे राहिले. मावशी म्हणाली होती की कापड आता दुसऱ्या कोणाकडे द्या, माझ्या हातानं ते बाटलंय. बाईंनी ऐकलं नाही. "खोटं काय असतं ते तुला आता कळलंय. तूच बस," म्हणाल्या. मावशी एक एक पायरी चढून वर गेली, शेवटच्या रांगेत बसली, कापड मांडीवर ठेवलं. या खेपेला ऐकू नाही आलं, तर तिला कापड खालीच ठेवावं लागणार होतं, आणि मग हे घर कायमचं मुकं, आणि ते तिनं केलेलं.

आधी तिला बाईंचा श्वास ऐकू आला. गाणं नव्हे, गाण्याच्या आधी छातीत भरून घेतात तो श्वास, म्हाताऱ्या छातीतला, थोडा घरघरणारा. मग ओठ विलग झाल्याचा आवाज. मग सूर. तो खालून वर आला असं वाटलंच नाही. तो सगळीकडे होता, छतात, कठड्यात, तिच्या हाताखालच्या लाकडात. शब्द इतका जवळ होता की तिनं डोळे मिटले. एकतीस वर्षं ती हे ऐकत आली होती आणि तरी तिला वाटलं, आपण आज पहिल्यांदा या घरात आलोय. ती इतकी भारावली की हात उचलायचं भानच राहिलं नाही. कापड मांडीवरच राहिलं.

ओळ संपली. खाली सगळ्यांच्या माना वर वळल्या. शेवटच्या रांगेत काही पांढरं दिसेना. व्यवस्थापकांनी भिंतीचा आधार घेतला. सुतारदादा पायांकडे बघत राहिले.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "काय गं, आलं का ऐकू?"

मावशीनं तोंड उघडलं. गालांवरून पाणी ओघळत होतं. जेमतेम श्वासाइतकं, स्वतःलाच सांगावं तसं ती पुटपुटली, "आलं, बाई."

बाई रंगमंचावरून म्हणाल्या, "मग रडतेस कशाला? डोळे पूस, उद्या माणसं यायचीयत."

एवढ्या लांबून त्यांना तिचा चेहरा दिसतही नव्हता.